घराचं इंटिरिअर पायाआधी ठरवा: विदर्भातल्या गावात घर बांधणाऱ्यांसाठी

गावात घर बांधायचं ठरलं की आधी इंजिनीअरकडून नकाशा येतो, मग ठेकेदार ठरतो, मग भूमिपूजन होतं. इंटिरिअरचा विषय निघतो तो रंग द्यायच्या वेळी, हातातले पैसे संपत आल्यावर. तोवर स्लॅब पडून गिलावा झालेला असतो. मग लक्षात येतं की पलंगाच्या जागी खिडकी आली, कूलरजवळ प्लग नाही आणि सपरीत (ओसरीत) बंगई, म्हणजे झोपाळा, टांगायला कडीच ठेवली नाही. नवी भिंत फोडायची, वायरमनला पुन्हा बोलवायचं आणि तडजोड करून राहायचं, एवढंच मग उरतं.

कोणती वस्तू कुठे बसेल, तिला वीज-पाणी कुठून मिळेल आणि तिच्याभोवती माणसं कशी वावरतील, हे ठरवणं म्हणजे इंटिरिअरचं नियोजन. पीओपी, वॉलपेपर, रंगीत दिवे हे त्यातलं शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम आहे. ते पुढच्या वर्षी केलं तरी चालतं. स्लॅबमधला पाइप मात्र पुढच्या वर्षी टाकता येत नाही.

सुरुवात कधी करायची

आपल्याकडे बांधकाम दिवाळीनंतर सुरू होतं आणि मृगाच्या आत स्लॅब पडलेला हवा असतो. म्हणून नकाशांचं काम पोळा ते दिवाळी या काळात उरकावं. साधारण दोन महिने मिळतात आणि तेवढे पुरतात. सोयाबीनची काढणी लागली की घरात कोणाला बसायला वेळ नसतो. त्यामुळे खोल्यांची मांडणी, स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूमची जागा हे मोठे निर्णय त्याआधीच घ्यावेत.

कोणाकडे जायचं आणि काय ठरवून घ्यायचं

१९७२च्या आर्किटेक्ट कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यालाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येतं. इंटिरिअर डिझायनरसाठी असा परवाना नसतो, कोणीही पाटी लावू शकतो. म्हणून त्याचं काम पाहूनच माणूस निवडावा. दोन-तीन वर्षं वापरात असलेलं त्याचं एखादं घर दाखवायला सांगा. तिथल्या बाईंना विचारा की ओट्यावर काम करताना कंबर दुखते का, कपाटाची दारं फुगली का, कोणता प्लग कमी पडला. संगणकावर काढलेली रंगीत चित्रं सगळेच दाखवतात. त्याऐवजी जुन्या कामाचा विजेचा आणि नळाचा नकाशा मागून पाहा. तो फूट-इंचांत आणि उंचीसकट असेल तर माणूस कामाचा आहे.

डिझायनर नागपूर, अमरावती किंवा अकोल्यात आणि जागा पन्नास-साठ किलोमीटरवर, असंच बहुतेकांचं असतं. तो रोज येणार नाही. म्हणून 'अधूनमधून येईन' यावर समाधान मानू नका, भेटी कागदावर ठरवा. आमच्या मते निदान पाच हव्यात: पाया आखताना, लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी पट्टी) आणि सज्जा (खोलीतला सामान ठेवायचा माळा) यांचं सेंट्रिंग लागल्यावर, स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी, गिलाव्याआधी आणि फरशी लागायच्या आधी. प्रवासखर्च फीमध्ये धरला आहे की वेगळा, तेही लिहून घ्या. शेवटचा हप्ता, साधारण पाचवा हिस्सा, पाचव्या भेटीनंतरच द्यावा.

फी चौरस फुटावर ठरू शकते किंवा एकूण कामाच्या टक्क्यांवर. फक्त नकाशांसाठी जायचं असेल तर चौरस फुटाचा हिशोब सरळ पडतो, कारण टक्क्यांत खर्च वाढला की फीही वाढते.

हातात काय मिळणार याची यादी करारात असू द्या: फर्निचरची मांडणी, विजेचा नकाशा, नळ आणि सांडपाण्याचा नकाशा, ओट्याचा तपशील, बाथरूमच्या चारही भिंतींची चित्रं आणि दारं-खिडक्यांचा तक्ता. मापं फूट-इंचांत आणि सूचना मराठीत लिहून मागा. मिस्त्री आणि वायरमन तोच कागद वाचणार आहेत. एक प्रत लॅमिनेट करून जागेवर ठेवा, साधा कागद सिमेंटच्या हातांनी आठवडाभरात फाटतो.

डिझायनर आणि नकाशा काढणारा इंजिनीअर यांची एक बैठक तुमच्यासमोर व्हायलाच हवी. कॉलम ९ × १५ इंचांचा आणि आतली भिंत ४ इंचांची असेल तर कॉलम खोलीत पुढे येतो आणि कपाटाचा गाळा तेवढाच आखूड होतो. कॉलमची लांब बाजू कोणत्या दिशेला फिरवायची, हा निर्णय पाया खोदायच्या आधीचा आहे. वास्तूप्रमाणे देवघर ईशान्येला हवं, चूल आग्नेयेला हवी, असा आग्रह असेल तर तोही याच बैठकीत सांगा.

पहिल्या बैठकीला काय न्यायचं

घरातल्या ज्या वस्तू नव्या घरात येणार आहेत, त्यांची लांबी, रुंदी आणि उंची टेपने मोजून न्या. दिवाण, लोखंडी कपाट, फ्रीज, शिलाई मशीन, पिठाची गिरणी, कूलर, धान्याच्या कोठ्या, काहीच सोडू नका. लोखंडी कपाट साधारण ३ फूट रुंद, साडेसहा फूट उंच आणि १९-२० इंच खोल असतं. त्यासाठी गाळा ठेवायचा तर गिलावा झाल्यानंतरचं माप ४२ इंच रुंद, २२ इंच खोल आणि ७ फूट उंच हवं. गिलावा दोन्ही बाजूंना मिळून इंच-सव्वा इंच खातो. ते न धरल्यामुळे गाळ्यात न शिरलेली कपाटं कितीतरी घरांत बाहेर उभी दिसतात.

शहरातल्या डिझायनरला शेतकऱ्याच्या घराची एक गोष्ट आपणहून सुचत नाही: माल. भाव मिळेपर्यंत कापूस घरात राहतो, तुरीची पोती राहतात, पेरणीच्या वेळी बियाणं आणि खतही येतं. किती क्विंटल माल किती महिने घरात असतो, हे आधी सांगा. कापसाच्या खोलीला बाहेरून वेगळं दार द्या, ४ फुटांचं. कापूस माणसांच्या खोल्यांतून नेला की त्यातले किडे घरभर होतात आणि अंगाला खाज सुटते. त्या खोलीत प्लग ठेवू नका. एकच दिवा, तोही बंद काचेचा, आणि त्याचं बटण खोलीबाहेर. फवारणीची औषधं मात्र याही खोलीत नकोत, त्यांना कुलूपबंद कपाट घराबाहेर द्यावं.

पंतप्रधान आवास योजनेतल्या घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २७० चौरस फूट आहे. एवढ्या घराला डिझायनर कशाला, असं वाटेल. आमचं मत उलट आहे: जागा जेवढी कमी, तेवढा सज्जा, कोनाडा आणि दाराची दिशा यांचा विचार जास्त लागतो. अशा घरासाठी एका बैठकीची फी देऊन नुसती मांडणी काढून घेतली तरी पुरे.

फक्कीने घर जमिनीवर काढा

कागदावरची १० × १२ फुटांची खोली बहुतेकांना डोळ्यांपुढे आणता येत नाही. पाया खोदण्याआधी जागा साफ करून फक्कीने (पांढऱ्या भुकटीने) सगळ्या भिंती खऱ्या मापात आखा, भिंतीची जाडीसुद्धा दाखवा. दारांच्या जागा मोकळ्या सोडा. मग पलंगाच्या जागी ५ × साडेसहा फुटांचा आयत काढा, कपाटाचा आयत काढा आणि त्याचं दार उघडल्यावर ते कुठपर्यंत येतं, ते दोरीने फिरवून बघा. पलंग आणि कपाट यांच्यात निदान अडीच फूट उरले पाहिजेत. कमी असतील तर कपाट उघडताना माणसाला पलंगावर बसावं लागतं.

घरातल्या सगळ्यांना त्या आखणीत चालायला लावा. आजींना रात्री संडासला जाताना किती पावलं आणि किती पायऱ्या पडतात? पाहुणे सपरीत बसलेले असताना न्हाणीतून निघालेली मुलगी कुठून जाईल? एवढ्याने दाराची जागा हमखास एक-दोन ठिकाणी बदलते. इथे तो बदल फक्की पुसून होतो.

ऊन आणि कूलर

मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपूर-अमरावतीच्या अक्षांशावर भरदुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो. म्हणजे सगळ्यात जास्त तापतो तो स्लॅब, आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत. पश्चिमेला जिना, संडास-बाथरूम किंवा मालाची खोली द्या, झोपायच्या खोल्या पूर्वेला किंवा उत्तरेला घ्या. फॉल्स सीलिंग करायचं असेल तर फरशीपासून स्लॅबपर्यंत साडेदहा ते अकरा फूट उंची आताच ठरवावी लागते. १० फुटांच्या खोलीत सीलिंग केलं की पंखा अंगावर येतो. आमचा सल्ला असा की सीलिंगचे पैसे आधी स्लॅबच्या वर घाला: विटांचा कोबा आणि त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी. ऊन वरूनच परतलं तर खालचा स्लॅब कमी तापतो.

कूलरची जागा डिझायनरने खिडकीएवढ्याच गांभीर्याने काढली पाहिजे. कूलर सावलीच्या बाजूला हवा. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडऐवजी ३ × ३ फुटांचा सिमेंटचा ओटा बांधा, त्याला उतार द्या, अर्ध्या इंचाची पाण्याची लाइन आणि सांडपाण्याचा पाइप तिथपर्यंत आणा. नाहीतर बायका चार महिने बादल्या वाहतात आणि खालची भिंत ओलीने पोपडते. कूलरसमोरच्या भिंतीत हवा बाहेर जायला उघडणारी खिडकी किंवा झरोका हवाच. तो नसेल तर खोली थंड होण्याऐवजी दमट होते. कूलरच्या झोतात प्लायवूडचं कपाट ठेवू नका, दारं फुगतात.

प्लग आतल्या बाजूला, ओल्या हाताने सहज पोहोचणार नाही असा. अर्थिंग पक्कं हवं आणि मुख्य बोर्डात ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारं बटण, हवंच. कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. या दोन गोष्टींत कुठेही काटकसर नको.

लिंटेल आणि स्लॅबचा दिवस

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या कायमच्या राहतात.

सज्जा लिंटेलबरोबरच ओततात, ७ फुटांवर, २ फूट खोल. भिंतीतून बाहेर आलेल्या सज्जाची मुख्य सळई वरच्या बाजूला असायला हवी. मजूर सळयांवर उभे राहतात, सळई खाली दबते आणि वर्षभरात सज्जा मुळाशी चिरतो. काँक्रीट ओतताना सळई वर उचलून धरायला खाली ठोकळे ठेवलेत का, ते स्वतः बघा. कोणत्या भिंतीवर सज्जा, हे मांडणीच्या नकाशातूनच ठरतं. कूलरच्या किंवा पंख्याच्या वाऱ्यासमोर सज्जा आला तर हवा अडते.

स्लॅबच्या आदल्या दिवशी विजेचा नकाशा हातात घेऊन एकेक खोली मोजा. पंख्याचा डबा खोलीच्या मध्यावर की पलंगाच्या मध्यावर? कपाटाचे गाळे सोडून उरलेल्या मोकळ्या जागेचा मध्य धरावा. २५ मिलिमीटरचा जाड पीव्हीसी पाइप खालच्या आणि वरच्या सळयांच्या मध्ये यायला हवा. तो सळईच्या खाली गेला तर तिथे काँक्रीट बसत नाही आणि पुढे पापुद्रा सुटतो. पाइपाची तोंडं कागदाचा बोळा आणि टेप लावून बंद करा. एका उघड्या तोंडातून सिमेंटचं पाणी शिरलं की ती लाइन गेलीच. तीन जास्तीचे मोकळे पाइप टाकून ठेवा. त्यातला एक दीड इंचाचा, गच्चीपासून मीटरपर्यंत, पुढे सोलर बसवायचं झालं तर. तीन किलोवॅटच्या पॅनलला साधारण ३०० चौरस फूट सावलीविरहित गच्ची लागते, तेव्हा पाण्याची टाकी कुठे येईल तेही आताच ठरवा. टाकीची सावली पॅनलवर पडू नये.

बंगईच्या कड्या बीममध्येच घ्या, नुसत्या स्लॅबमध्ये नकोत. १६ मिलिमीटरची साधी गोल सळई वाकवून तिची दोन्ही टोकं बीमच्या वरच्या सळयांना गुंतवायची आणि तारेने बांधायची. दोन कड्यांमधलं अंतर फळीच्या लांबीएवढं. झोक्याला पुढे-मागे तीन-तीन फूट मोकळे हवेत, म्हणजे सपरीतलं दार आणि सोफा त्या हिशोबाने. नंतर ड्रिल मारून बसवलेल्या बोल्टवर माणसांनी बसू नये.

वायरींचा साधा हिशोब असा: दिवे-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरच्या प्लगला, म्हणजे फ्रीज, गिरणी, मिक्सर यांना २.५, गीझर आणि एसीला ४. इन्व्हर्टरची लाइन सुरुवातीपासून वेगळी फिरवा आणि त्यावर प्रत्येक खोलीतला एक दिवा, एक पंखा एवढंच ठेवा. साधा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० ते ३५. भारनियमनात बॅटरी दुप्पट वेळ टिकते, म्हणून पंखे कोणते घेणार हेही आताच सांगा. फ्रीजजवळ स्टॅबिलायझरला फळी ठेवा, उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं.

चार इंची भिंतीत दोन्ही बाजूंनी समोरासमोर बोर्ड घेऊ नका, भिंतीला आरपार भोक पडतं. नकाशात ते निदान फूटभर सरकवून घ्या.

स्वयंपाकघर

ओट्याची उंची ३२ की ३४ इंच, यावर वाद घालू नका. जी जास्त वेळ स्वयंपाक करते तिला उभं करून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून ५ इंच वजा करा. पाच फूट उंचीच्या बाईला साधारण ३२ ते ३३ इंच बसते. ही उंची तयार फरशीपासून धरायची. फरशी आणि तिच्याखालचा मसाला अडीच-तीन इंच घेतो आणि मिस्त्री नेहमी कच्च्या जमिनीपासून मोजतो. तसं झालं की ओटा तेवढाच खाली बसतो.

काळ्या मातीत आणखी एक अडचण असते. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जोत्यात तीच माती भरली तर फरशी खचते आणि त्या भरावावर उभ्या केलेल्या ओट्याच्या भिंतीही खचतात. ग्रॅनाइटचा सांधा उघडतो, सिंकखाली पाणी मुरतं. जोत्यात मुरूमच भरा, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस (ठोकून दाबणं). नकाशावर 'मुरूम' असं ठळक लिहून घ्या.

ट्रॉल्यांच्या जाळ्या ठरावीक मापांत येतात, रुंदी १५, १७, १९, २१ इंच आणि खोली बहुधा २०. जाळ्या आधी निवडा, मग कडप्पा कापा. सिलिंडरच्या कप्प्याला जमिनीलगत जाळीचं दार हवं, कारण गळालेला गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नको आणि भिंतीतून नेऊ नका. परसात चूल राहणार असेल तर ओट्यापासून तिथपर्यंत जाणारं दार सरळ ठेवा. हातात गरम पातेलं घेऊन दोन वळणं घेणं चांगलं नाही.

पाणी कसं आहे ते आधी कळू द्या

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतली बरीच गावं, इथे बोअरचं पाणी खारं असतं. बांधकामाआधी पाणी तपासून घ्या. सळईच्या काँक्रीटला वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. ते जास्त असेल तर टँकरचं गोडं पाणी आणा, निदान स्लॅब, कॉलम आणि बीमसाठी. खार फुटलेल्या भिंतीला लागून केलेलं कपाट मागून सडतं. अशा गावात भिंतीतली कपाटं कमी करा आणि सुटी कपाटं भिंतीपासून दोन इंच सोडून उभी करा. जोत्यावर दीड ते दोन इंचांचा ओलरोधक काँक्रीटचा थर चुकवू नका.

जड पाण्यात भिंतीतले महागडे डायव्हर्टर (पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारे कॉक) वर्षा-दोन वर्षांत क्षारांनी जाम होतात आणि काढायचे तर टाइल फोडावी लागते. साधे बाहेरचे नळ घ्या. कमोडचं माप आधी ठरवा: एस-ट्रॅपचं, म्हणजे जमिनीत जाणाऱ्या मैलापाण्याच्या वाटेचं, छिद्र तयार भिंतीपासून ९ इंचांवर की १२ वर, ते कमोड निवडल्याशिवाय मिस्त्रीला सांगू नका. बाथरूमची फरशी खोलीपेक्षा इंचभर खाली. टाइल लावायच्या आधी नळाच्या लाइनमध्ये दाब भरून एक रात्र ठेवा. सकाळी दाब दाखवणारा काटा उतरलेला असेल तर गळती शोधा, तोवर टाइलवाल्याला थांबवा.

उधई

पाया भरताना आणि जोत्याच्या भरावावर उधईचं (वाळवीचं) औषध फवारून घ्या. क्लोरपायरिफॉस २० टक्के असेल तर एक लिटरला १९ लिटर पाणी, आणि तयार झालेलं द्रावण भरावाच्या चौरस मीटरला ५ लिटर. हातमोजे, मास्क हवेत आणि विहीर-बोअरजवळ फवारू नये. सागवानाच्या चौकटींनाही जमिनीकडच्या टोकाला औषध लावा. बाथरूमला लाकूड नकोच, ग्रॅनाइटची चौकट टिकते.

गिलाव्याआधी आणि सुतार येण्याआधी

गिलावा चढण्याच्या दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, भिंतीवर टेप आडवी-उभी धरून. कोणता पाइप जमिनीपासून किती उंचीवर आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर गेला, ते त्यात दिसलं पाहिजे. पुढे खिळा ठोकताना किंवा ड्रिल मारताना हेच फोटो लागतात. एक संच डिझायनरकडे आणि एक घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

सुताराला माप फरशी आणि गिलावा पूर्ण झाल्यावरच घेऊ द्या, नकाशावरून प्लाय कापू देऊ नका. भिंती हाताला कोरड्या लागेपर्यंत प्लाय आत आणू नये. पावसाळ्यात गिलावा झाला असेल तर दसऱ्यापर्यंत थांबा. सिंकखाली आणि बाथरूमजवळ आयएस ७१० छापाचं प्लाय, बाकी कपाटांना आयएस ३०३मधलं बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारं). छाप प्रत्येक शीटवर बघून घ्या आणि बिलावर तोच लिहून मागा.